सगळ्यात मागची सायकल

सायकलवाल्यांच्या घरातला धाकटा लहानपणापासून नाकाचा माणूस. नाक दिसायला मोठं होतं असं नाही, म्हणजे होतं थोडं, पण त्या नाकाला सहन काही व्हायचं नाही. आई दूध तापवायला ठेवायची तर हा दारातूनच सांगायचा, "आई, हे उद्यापर्यंत टिकत नाही बघ." आणि दूध सकाळी नासलेलं असायचं. शेजारची काकू म्हणायची, याला कुत्र्याच्या जन्माला घालायचं, ते चुकून माणसाच्या घातलं. बाजारात त्याचं नाव पडलं नाकाजीराव.

शाळा त्याची सुटली ती अभ्यासामुळे नाही. डोकं या घरात सगळ्यांनाच आहे. बाकाच्या खालच्या अंगाला पोरं काय काय पुसून ठेवतात, ते एकदा त्याच्या बोटांना लागलं. त्यानं वर्गातच ओकून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून तो उभ्यानं लिहायला लागला, आणि मास्तरांना ते चाललं नाही. मग थोरल्यानं त्याला सायकलच्या दुकानात घेतलं.

दुकानात मात्र तो कोपरापर्यंत ग्रीसमध्ये हात घालायचा आणि त्याच हातानं कपाळ पुसायचा. गिऱ्हाइकं हसायची. तेव्हा तो म्हणायचा, "ग्रीस म्हणजे घाण नाही. ग्रीस कामाचं असतं. घाण म्हणजे जे कुणाच्याच कामाचं नाही आणि ज्याचं त्यानं उचललं नाही ते." असं बोलायला पुस्तकं वाचावी लागत नाहीत, घराणं लागतं.

गोल फेरीची कल्पना थोरल्याची. बंदराच्या गावात लांबून माणसं यायची, समुद्राकडे बघत बसायची आणि कंटाळून परत जायची. थोरल्यानं दुकानावर पाटी लावली: सायकलवरून गोल फेरी, समुद्रकाठची गावं, शेतं आणि टेकडी, सकाळी निघून दिवस मावळायच्या आत परत. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, मध्यम. कुणी विचारलं मध्यम म्हणजे काय, तर थोरला सांगायचा, "मध्यम म्हणजे माणूस मरत नाही, पण घरी गेल्यावर सांगता येतं."

फेरीच्या पुढे थोरल्याची मुलगी असायची. चांगली उंच, दणकट, कुणाचं ऐकून न घेणारी. ती रस्ता दाखवायची आणि पाहुण्यांशी बोलायची. सगळ्यात मागे धाकटा, पंप, ट्यूब आणि पाने घेऊन. मागच्या सायकलीचा या घरात एकच नियम. पुढच्या कुणालाही मागे टाकायचं नाही. कुणी थांबला तर थांबायचं, कुणी रडला तर रडू द्यायचं, पण आपल्या मागे माणूस ठेवायचा नाही. थोरला बाजारात सांगायचा, "माझा भाऊ मागे असतो कारण सेनापती मागेच असतो. मोठमोठे लोक त्याच्या शब्दावर चालतात."

आता, जो सगळ्यात मागे असतो त्याला काय दिसतं? समुद्र सगळ्यांना दिसतो. मागच्याला समुद्र दिसतो आणि शिवाय माणसं मागे काय टाकून जातात ते दिसतं.

मासळी सुकवायच्या गावातून जाताना पाहुणे नाकाला रुमाल लावायचे. शी, काय वास, कसे राहतात हे लोक. धाकट्याला त्या वासाचं काही वाटायचं नाही. मासळीला मासळीचाच वास येणार. पण त्याच रुमालवाल्यांच्या मागे रस्त्यावर पडत जायचं ते त्याला बघवायचं नाही. चोखून थुंकलेल्या संत्र्याच्या फाकी. बिस्किटांचे कागद. नाक शिंकरलेले कागदी रुमाल, वाऱ्यानं उडून झुडपाला चिकटलेले, ओले. एकदा एका बाईनं पायाच्या फोडावरची पट्टी काढून दीपगृहाच्या पायरीवर ठेवली, जपून, जणू कुणी येऊन घेऊन जाणार आहे. धाकट्याच्या कॅरिअरवर एक पोतं असायचं. तो उतरायचा, दोन काड्यांनी उचलायचा, पोत्यात टाकायचा आणि पुन्हा पायडल मारायचा. संध्याकाळी दुकानात सायकली परत आल्या की तो प्रत्येक सीट उलटी करून बघायचा. सीटखाली चघळून चिकटवलेलं च्युइंगम सापडायचंच. ते तो चाकाच्या मोडक्या आऱ्यानं खरवडून काढायचा, तोंड दुसरीकडे करून.

हे सगळं तरी चालून गेलं असतं. खरी गोष्ट फाटकाची होती.

दीपगृह मागे पडलं की मिठागरं लागतात. तो रस्ता उन्हात नुसता पांढरा पडलेला असतो. झाड नाही, दुकान नाही, आडोसा म्हणून नाही. मिठागरं संपतात आणि रस्ता समुद्र सोडून शेतांकडे वळतो, त्या वळणावर एक घर आहे. लिंबाची झाडं, कोंबड्या, हिरवं लाकडी फाटक. तिथं एक म्हातारी एकटी राहते. सगळे तिला मावशी म्हणतात, ती कुणाचीच मावशी नाही. तिच्या अंगणात सावली, हौदाला पाणी, आणि मागे एक संडास. सबंध वाटेवर तेवढा एकच. दीपगृहापाशी चहावाला होता, त्यानं पहिल्याच महिन्यात आपल्या संडासाला कुलूप लावलं. म्हणाला, "तुमची माणसं चहा पिऊन जातात का चहाचा सूड घेऊन जातात?" तेव्हापासून मावशीचं फाटक उघडं तर फेरी गोल, नाही तर फेरी मिठागरातच संपली. एवढं पाहुण्यांनाही कळत होतं.

मावशीची अट साधी होती. "घर जसं देते, तसं परत करा. मी म्हातारी आहे, मला कुणाचं काढायला लावू नका."

पहिल्याच खेपेला पाहुणे पुढे निघाल्यावर धाकटा सहज मागे बघायला गेला. संडासाचं दार ढकललं आणि तसाच मागे सरला. चांगली इस्त्रीची माणसं होती ती. जेवायच्या आधी हात धुणारी, एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही म्हणणारी. दार बंद झालं की माणूस काय होतो, हे ज्याला बघायचं असेल त्यानं तिथं बघावं. भिंतीवर, पायरीवर. पाण्याची बादली भरलेली, जशीच्या तशी. बादलीला हात लावायचा त्यांना कमीपणा वाटला असणार.

त्यानं लिंबाचं पान चुरगाळलं, नाकपुड्यांत कोंबलं, बाह्या वर केल्या. दोनदा बाहेर येऊन झाडाशी ओकला. तिसऱ्यांदा आत गेला आणि लखलखीत करून बाहेर आला. मग जोरात सायकल हाणून टेकडीच्या पायथ्याशी मंडळींना गाठलं.

पुतणी म्हणाली, "काका, कुठं राहिलात?"

"चेन उतरली."

तेव्हापासून दर खेपेला त्या वळणावर त्याची चेन उतरायची. पोत्याच्या तळाशी एक ब्रश गुंडाळलेला असायचा. पुतणी म्हणायची, बाबांच्या एवढ्या नावाजलेल्या दुकानात काकांची चेन एक बसत नाही. तो हसून सोडून द्यायचा. मावशी तर वरून मीठ चोळायची. "तुमची माणसं फार चांगली हो. गेल्यावर बघावं तर आरशासारखं." हा मान डोलवायचा आणि त्याला त्या कौतुकाचीच शिसारी यायची. लिंबू सरबताचा पेला ती हातात द्यायची, तो तोंडाला न लावता वरून प्यायचा, आणि तरी त्याला वाटायचं की वास आपल्या हाताला येतोय.

घरी का नाही सांगितलं? सांगणार कसा? थोरला दुकानात उभा राहून चारचौघांत सांगत होता की माझ्या भावाला मोठी माणसं सलाम करतात, माझ्या भावाशिवाय पान हलत नाही. ज्या भावानं एवढी मान ताठ केली, त्याला काय सांगायचं, की सेनापती हातात ब्रश घेऊन असतो म्हणून? घराचा ताठा या घरात सगळ्यांनाच पोसावा लागतो. धाकटा आपल्या वाटणीचा असा पोसत होता.

मग एकदा धाकट्याचं पोट बिघडलं. कुठली घाण कुठून लागली कोण जाणे. उठून उभं राहायची ताकद नाही. वहिनी साखर-मिठाचं पाणी घेऊन उशाशी. दुसऱ्या दिवशी फेरी ठरलेली.

थोरला म्हणाला, "झोप तू. मी जातो मागे. त्यात काय, शेपटाला तर बसायचं."

धाकटा कोपरावर टेकून अर्धा उठला. "दादा, मावशीकडून निघताना सगळ्यात शेवटी निघ."

"शेवटीच निघणार. शेपूट काय पुढे निघतं?"

"तसं नाही. निघताना मागच्या बाजूला एकदा बघून घे."

"काय बघू?"

वहिनी समोर उभी होती. पेला धरून, कान देऊन. धाकट्याच्या ओठावर आलं होतं. तो भिंतीकडे वळला आणि म्हणाला, "नळ. हौदाचा नळ नीट बंद आहे का ते."

"एवढंच ना? नळ म्हणजे हातचा मळ."

दिवसभर धाकटा अंथरुणात घड्याळाकडे बघत पडला. आता दीपगृह आलं असेल. आता मिठागरं. आता फाटक. आता ते आत जात असतील, एकेक. घरात बसून त्याला तो वास आला.

संध्याकाळी थोरला मिशीला पीळ देत आला. "एक पंक्चर नाही, एक तक्रार नाही. तुझ्या त्या नळाला असा पिळलाय की थेंब पडायचा नाही. मला वाटतं, मी मागे असलो की फेरी जास्त शोभते. पुढच्या वेळी आपण दोघं जाऊ."

धाकट्यानं पांघरूण तोंडावर ओढलं. वहिनीला वाटलं अजून मळमळतंय. मळमळत होतंच.

पुढच्या फेरीला दोघं भाऊ मागे होते. थोरला शीळ घालत, धाकटा मुकाट. पाहुण्यांमध्ये एक साहेब होते, कडक कॉलरचे. चहाचा कप हातात घेतला की आधी रुमालानं कड पुसायची, सीटवर बसायच्या आधी सीट पुसायची, हँडल पुसायचं. मासळीच्या गावात ते म्हणाले, "स्वच्छता ही संस्कारातून येते." थोरल्यानं मान डोलावली. त्याला असली वाक्यं आवडतात. धाकट्यानं साहेबांच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघितलं. सकाळपासून ते काहीतरी चघळत होते.

मिठागरांचा रस्ता त्या दिवशी संपता संपेना. पाहुणे पाणी ढोसत होते आणि ज्याचं त्याला जाणवायला लागलं होतं. बोलणं कमी झालं. वळणावर पुतणी थांबलेली दिसली. फाटकाला साखळी आणि साखळीला कुलूप. आत लिंबाखाली मावशी खुर्ची टाकून बसली होती, पाठ करून.

थोरल्यानं फाटकाशी जाऊन हाक मारली. "मावशी, आम्ही आलो."

"दिसतंय. निघा."

"काय झालं? नळ बंद करून गेलो होतो मी."

मावशी उठली आणि हळूहळू फाटकाशी आली. थोरल्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "नळ फार घट्ट बंद करून गेलास. इतका, की आत कुणी तांब्याभर पाणी ओतलं नाही." मग धाकट्याकडे वळली. "तू इतके दिवस माणसं आणलीस. यानं एकदा आणली ती जनावरं. जनावरंसुद्धा नव्हे, माझी कोंबडी असं करत नाही. मी हात लावलेला नाही हो. त्या दिवसापासून मी सकाळी शेतात जाते, या वयात. म्हटलं येतील तेव्हा बघू देत."

थोरल्याचा चेहरा काळा ठिक्कर पडला. चारचौघांत, पाहुण्यांसमोर, पोटच्या मुलीसमोर. "माझी माणसं घाणेरडी? मावशी, तोंड सांभाळा. माणसं निवडून घेतो मी."

कडक कॉलरवाले साहेब मागून म्हणाले, "हे बघा, आमचा याच्याशी संबंध नाही. आम्ही काहीही केलेलं नाही."

"तुम्ही कसं करणार?" मावशी म्हणाली. "तुम्ही अजून गेलाच नाहीत."

धाकटा सायकल धरून उभा होता. गप्प राहिला असता तर थोरल्यावर खापर फुटलं असतं, मावशी चार दिवसांनी निवळली असती, तो पुन्हा एकटा मागे राहिला असता आणि चेन उतरत राहिली असती. तो मार्ग सरळ होता. पण त्या मार्गावरून नुसतं जायच्या विचारानं त्याला ढवळून आलं. घाणीपेक्षा ते झाकण त्याला असह्य झालं.

"मावशी," तो म्हणाला, "दादाची माणसं आणि माझी माणसं सारखीच. आधीही असंच करून जायची. मी धुवायचो."

एक कोंबडी फाटकाखालून बाहेर आली, पाहुण्यांकडे बघून परत आत गेली.

पुतणी म्हणाली, "चेन."

"हो. चेन."

मावशीला कळवळा येईल असं ज्याला वाटत असेल त्यानं मावशी बघितलेली नाही. "म्हणजे मला फसवलंस," ती म्हणाली. "मी तुझ्या माणसांचं गावभर कौतुक करत होते. मला खोटं पाडलंस."

"पाडलं."

थोरला अजून फाटक धरून उभा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी बाजारात काय सांगत होतो आणि तू इथं काय करत होतास?"

"तू जे सांगत होतास, त्यामुळेच नाही सांगितलं."

धाकट्यानं पोत्यातून ब्रश काढला आणि बाह्या वर करायला लागला. दहा दिवसांचं उन्हात वाळलेलं, तुंबलेलं. इथपर्यंत वास येत होता आणि साहेबांनी रुमाल नाकाला लावला होता. थोरल्यानं धाकट्याच्या हातातून ब्रश हिसकला.

"तू आजारातून उठलायस."

"दादा, तुला नाही जमायचं."

"या घरात मला न जमणारं काम अजून जन्माला आलेलं नाही. मावशी, कुलूप काढा."

मावशीनं कुलूप काढलं. बाकीच्यांना तिनं फाटकाबाहेरच थांबवलं, उन्हात. थोरला छाती काढून मागे गेला. दार उघडल्याचा आवाज आला, मग लगेच बंद झाल्याचा. थोरला लिंबाच्या झाडाशी वाकलेला दिसला. सकाळचा नाश्ता गेला. धाकट्यानं लिंबाचं पान चुरगाळून पुढे केलं. थोरल्यानं ते न बोलता नाकात कोंबलं, आत गेला, पुन्हा बाहेर आला, रात्रीचं जेवण गेलं. तिसऱ्यांदा आत गेला तो आतच राहिला. बादल्यांवर बादल्या. मध्येच त्याचा आवाज यायचा. नुसत्या शिव्या, पण ज्या माणसांना होत्या ती तिथं नव्हती, म्हणून त्या जगाला लागायच्या. बाहेर पाहुणे पाय आवळून उभे होते. एक जण फोटो काढायला लागला, पुतणीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्यानं फोन खिशात टाकला.

थोरला बाहेर आला तेव्हा डोळे लाल, शर्ट चिंब. हौदावर कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. मग भरलेली बादली आणि ब्रश घेऊन दाराशी उभा राहिला आणि पाहुण्यांना म्हणाला, "या. एकेक जण. आत जाताना बादली घ्यायची. बाहेर येताना मी आत जाऊन बघणार. पसंत पडलं तर पुढे, नाही तर परत."

एक बाई म्हणाल्या, "हे जरा अपमानकारक नाही का?"

"आहे," थोरला म्हणाला. "ज्याचा त्यानं करून घ्यायचा. इतके दिवस माझा भाऊ तुमच्या वाटणीचा करून घेत होता."

गेले सगळे. न जाऊन सांगतात कुणाला. दोघांना परत आत जावं लागलं, त्यातले एक साहेब. ते बाहेर आले तेव्हा रुमाल ओला होता आणि कॉलर मऊ पडली होती. धाकटा लिंबाखाली बसून हे बघत होता. त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता प्रत्येकाचं तोंड आणि प्रत्येकाची घाण यांची जोडी लागत होती, आधी निदान ती निनावी होती.

निघताना मावशीनं फाटक लावलं, पण साखळी लावली नाही. "पुढच्या वेळी बघू," ती म्हणाली. "तो बादलीवाला येणार असेल तर." म्हणजे थोरला.

टेकडी चढताना कुणी गाणं म्हटलं नाही, शेतांचं कौतुक केलं नाही. उतारावरून बंदर दिसलं. दुकानात सायकली आल्या तेव्हा थोरला बाजारातल्या दोघा-तिघांना गाठून सांगत होता, "असं काम केलंय आज, की त्या वाटेवरचं फाटक आता फक्त माझ्या नावावर उघडतं. आणि हा धाकटा, हा तर गेली कित्येक वर्षं एकट्यानं करतोय. आहे का कुणाच्या घरात असा माणूस? दाखवा मला." काय काम ते त्यानं सांगितलं. लाज नावाला नाही. ऐकणारे दोन पावलं मागे सरले, तर हा चार पावलं पुढे गेला.

धाकटा सीटा उलट्या करून बघत होता. साहेबांच्या सीटखाली होतं. ताजं, करडं, दातांच्या खुणांसकट. त्याचा हात सवयीनं मोडक्या आऱ्याकडे गेला. तोंड दुसरीकडे झालंसुद्धा.

तो थांबला. आरा खाली ठेवला. साहेब रस्ता ओलांडत होते. त्यानं सीट सायकलवरून काढली, तशीच उलटी धरली आणि त्यांच्या मागे गेला. मागच्या सायकलीचा नियम मोडला, त्यांना मागे टाकलं आणि समोर उभा राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "तुमचं आमच्याकडे राहिलं."